बंबाचे झाकण आणि गिझरचा व्हॉल्व्ह

थंडी सुरू झाली की फजरच्या वुजूला गरम पाणी हवेसे वाटते आणि वसई-विरारच्या इमारतींत नवे गिझर बसू लागतात. अलीकडेच वर्गातल्या एका मुलाच्या अम्मींनी विचारले, “गिझर तापला की खालच्या व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकते. प्लंबर म्हणतो, बूच मारून देतो. मारू देऊ का?”

मुळीच नाही. ते ठिबकणे म्हणजे बिघाड नव्हे. कारण समजून घेऊ.

आपल्या जुन्या घरांत मागील दारी तांब्याचा बंब असे. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी आणि वर नुसते ठेवलेले झाकण. पाणी कितीही उकळले तरी वाफ झाकण उचलून निघून जाई. गिझरची टाकी मात्र चहूबाजूंनी बंद असते. पाणी तापले की फुगते. 25 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांवर नेले तर ते सुमारे 350 मिलिलिटरने, म्हणजे दोन-तीन कप चहाएवढे वाढते. थंड पाण्याच्या नळीवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह आत आलेले पाणी मागे जाऊ देत नाही. मग वाढलेले पाणी त्याच्याच बाजूच्या तोंडातून ठिबकते. बंबाचे जे झाकण, तेच गिझरचे हे तोंड.

ते बंद केले आणि त्यातच थर्मोस्टॅट व कटआऊट बिघडले, तर पाणी 100 अंशांच्या वर जाते, पण दाबामुळे उकळत नाही. टाकी फाटली की त्यातल्या काही पाण्याची क्षणात वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सुमारे 1,600 पट जागा लागते. गिझरचा स्फोट होतो तो असा.

म्हणून गिझर बसवताना स्वतः उभे राहून एवढे पाहून घ्या:

व्हॉल्व्ह आणि गिझर यांच्यामध्ये बंद करता येणारा कॉक नसावा. व्हॉल्व्हच्या तोंडाला लहान नळी जोडून ती उताराने मोरीपर्यंत आणावी. तिचे टोक उघडे राहावे.

गिझर बंद असतानाही पाणी सतत गळत असेल, तर व्हॉल्व्हमध्ये कचरा असेल किंवा पाण्याचा दाब जास्त असेल. गच्चीवरची टाकी 10 मीटर उंच असली की दाब सुमारे 1 किलोने वाढतो, म्हणून उंच इमारतीत खालच्या मजल्यांवर तो अधिक असतो. अशा वेळी दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवावा. बूच मारू नये.

आपल्याकडे अनेक इमारतींत बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी येते. त्यातले क्षार कॉइलवर आणि व्हॉल्व्हमध्येही साचतात. वर्षातून एकदा टाकी रिकामी करून साफ करून घ्यावी आणि व्हॉल्व्ह तपासून घ्यावा.

2 किलोवॅटचा गिझर जवळपास 9 अँपिअर वीज ओढतो. त्याला 16 अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट आणि पक्के अर्थिंग हवे. एक्स्टेन्शन बोर्ड चालणार नाही. 25 लिटर पाणी इतके तापायला अर्धा तास आणि सुमारे 1 युनिट वीज पुरते. त्यामुळे रात्रभर बटण चालू ठेवण्याची गरज नाही; फजरच्या अर्धा तास आधी लावले तरी चालते. 60 अंशांचे पाणी काही सेकंदांत त्वचा भाजते. मुलांसाठी बादलीत आधी थंड पाणी घ्यावे, मग गरम.

गच्चीवर सोलर हीटर असेल तर त्याच्या टाकीवर उभी व्हेंट नळी असते. तिचे कामही हेच. रंगकाम किंवा वॉटरप्रूफिंग करताना कामगार कधी कधी तिचे तोंड बुजवून टाकतात. तेही पाहून या.

घरी आधीच गिझर असेल तर आज तो तापत असताना खाली एक वाटी ठेवा. थोडे पाणी जमले तर ठीक. एक थेंबही आला नाही, तर व्हॉल्व्ह आहे का, त्याचे तोंड मोकळे आहे का, हे जाणकार माणसाकडून तपासून घ्या. तोवर पाणी चुलीवर तापवलेले बरे.