मोठी चाकं बसवली. मग स्टेपनी जुनीच का?
समजा, बोलेरोची कॅम्पर केली आणि २१५/७५ आर१५ ऐवजी २३५/७५ आर१५ टायर टाकले. स्टेपनी जुनीच राहिली, तर व्यासात ३० मिमीचा फरक पडतो. मागच्या ॲक्सलवर अशी विजोड जोडी धावली, की डिफरन्शियलला सरळ रस्त्यावरही सतत काम पडतं.

त्यामुळे पाचवं चाकही त्याच मापाचं घ्याच. खर्च वाचवायची ही जागा नाही. स्टेपनीच्या जागेत ते बसतं का, हेही आधी पाहा.

तोवर देगलूर-नांदेड महामार्गावर मागचं चाक पंक्चर झालं, तर पुढचं मोठं चाक मागे लावा, स्टेपनी पुढे. मग हळू चालवत थेट पंक्चरचं दुकान गाठा. हैदराबादचा बेत नंतर.