लेखणीविरुद्ध झुंड

सत्य खोडून काढता येत नाही, तेव्हा सत्य सांगणाऱ्याच्या चारित्र्यावर चिखलफेक केली जाते. ही रीत जुनी आहे. समाजमाध्यमांनी तिला वेग दिला आणि चिखल फेकणाऱ्या हातांना अंधाराचे कवच दिले. फिनलंडमधील शोधपत्रकार येसिक्का आरो यांची कारकीर्द याची साक्ष देते.

२०१४ साली रशियाने क्रिमियाचा घास घेतला आणि त्यापाठोपाठ शेजारच्या फिनलंडमध्येही समाजमाध्यमांवर रशियाधार्जिण्या प्रचाराचा पूर लोटला. सार्वजनिक प्रसारण संस्थेत काम करणाऱ्या आरो यांनी त्याचा उगम शोधायचे ठरवले. २०१५ साली त्या सेंट पीटर्सबर्गला पोहोचल्या. तेथील एका कचेरीत पगारी माणसे खोट्या नावांनी दिवसरात्र मजकूर प्रसवत होती. या कारखान्याचे सामान्य फिनिश नागरिकांवर काय परिणाम झाले, हेही आरो यांनी नोंदवले. त्यातील एक नोंद फार मोलाची आहे. शिवीगाळीला कंटाळून काही लोकांनी रशियाविषयी बोलणेच सोडून दिले होते. लोकांची मते पालटली नाहीत तरी चालते. सज्जनांनी तोंड मिटले की जल्पकांचा हेतू साध्य होतो.

मग झुंडीने मोर्चा आरो यांच्याकडेच वळवला. परकीय हस्तक, अमली पदार्थांची विक्रेती अशी दूषणे त्यांना देण्यात आली. २००४ सालच्या एका जुन्या दंडाचे प्रकरण उकरून काढले गेले. दूरध्वनीवर बंदुकीच्या बाराचा आवाज ऐकवला गेला. वीस वर्षांपूर्वी निवर्तलेल्या वडिलांच्या नावाने ‘तुझ्यावर माझी नजर आहे’ अशा आशयाचा संदेश आला. काही काळ त्यांना देश सोडावा लागला. पण लेखणी थांबली नाही. २०१६ साली त्यांना फिनलंडमधील मानाचा पत्रकारिता पुरस्कार लाभला.

ऑक्टोबर २०१८ मध्ये हेलसिंकीच्या जिल्हा न्यायालयाने बदनामी करणाऱ्या संकेतस्थळाच्या संस्थापकाला २२ महिन्यांच्या कारावासाची शिक्षा सुनावली. पडद्याआडून केलेला गुन्हाही गुन्हाच असतो, हे त्या निकालाने ठणकावून सांगितले.

मात्र परीक्षा तेथे संपली नाही. २०१९ साली अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने त्यांना धैर्यवान महिलांचा पुरस्कार देऊ केला आणि ऐनवेळी मागे घेतला. निवडीची सूचना चुकून गेली, असे कारण देण्यात आले. २०२० साली खात्याच्याच महानिरीक्षकांच्या अहवालाने खरे कारण उघड केले : आरो यांनी समाजमाध्यमांवर अमेरिकेच्या तत्कालीन अध्यक्षांवर टीका केली होती. धैर्याचा गौरव करू पाहणाऱ्यांनाच ते धैर्य सोसवले नाही.

पत्रकार टीकेच्या पलीकडचा नसतो. त्याचे लेखन चुकीचे वाटले, तर पुरावे मांडून आणि स्वतःच्या नावानिशी त्याचे खंडन जरूर करावे. परंतु युक्तिवादाची जागा धमकीने घेतली, की विचाराचा पराभव ठरलेलाच असतो. मग ती झुंड परकी असो वा आपल्याच मताची. कारखान्यात घडलेले असत्य घराघरांतील बोटांवाचून पुढे सरकत नाही. ते बोट क्षणभर थांबवणे प्रत्येक कुटुंबाच्या हाती आहे, आणि संस्काराची कसोटीही तेथेच आहे.