गौरव मरणाचा की जगण्याचा?

ध्रुववीरांत अग्रपूजेचा मान कॅप्टन स्कॉट यांचाच, असे आमच्या विद्वन्मंडळींस वाटते. आम्हांस हे मान्य नाही. १९१२ साली स्कॉट व त्यांचे चार सोबती दक्षिण ध्रुवावरून परतताना प्राणांस मुकले. अमुंडसेन मात्र एस्किमोंपासून शिकलेला पेहराव व कुत्र्यांच्या गाड्या यांच्या बळावर चारही साथीदारांसह सुखरूप परतला. शहाणपणाने जगणे हा का दोष? १९८१ च्या डिसेंबरात गोव्याहून निघालेली पहिली भारतीय मोहीम, १९८३ च्या तिसऱ्या मोहिमेतील, नागपुरात जन्मलेल्या अदिती पंत, यांविषयी वर्गात आम्हीही कधी अवाक्षर काढले नाही! विठ्ठलवाडीच्या उकाड्यात बसून परक्यांच्या मरणावर अश्रू ढाळणे सोपे. आपल्यांच्या जगण्याचा अभ्यास कठीण. तो प्रथम आम्हीच आरंभिला पाहिजे.