विनोदिकेतील एकटीची खोली

सतीश राजवाडे दिग्दर्शित ‘मुंबई-पुणे-मुंबई’ने (२०१०) मराठी विनोदी चित्रपटाला महानगरातील स्वतंत्र तरुणी दिली, असे म्हणण्याचा प्रघात आहे. तो तपासून पाहायला हवा. मुक्ता बर्वे यांनी साकारलेली नायिका रोखठोक बोलते, मोकळेपणाने वावरते, हे खरे. परंतु कथानक घडते ते पुण्यातील एका दिवसात. तिची मुंबई केवळ वादापुरती येते. घरच्यांच्या आग्रहाखातर ती एका मुलाला नकार द्यायला आलेली असते. दिवसभर ज्याच्याशी भांडत ती ज्याच्याकडे ओढली जाते, तो नेमका तोच मुलगा निघतो. तिचा नकार असा निष्फळ ठरवण्यासाठीच योजलेला आहे. पुढील दोन भागांनी (२०१५, २०१८) उरलेली वाट पुरी केली: आधी लग्न, मग मूल.

यावर ठरलेले उत्तर असे की, विनोदिकेचा आकृतिबंधच विवाहात परिणत होतो. दाखल्याला नॉर्थ्रप फ्राय असतोच. पण फ्राय अर्धा वाचून चालणार नाही. ‘अ‍ॅनॉटमी ऑफ क्रिटिसिझम’मध्ये (१९५७) तो विवाहाकडे पाहतो ते नव्या समाजाच्या स्थापनेचे चिन्ह म्हणून, तेथे अडवणूक करणारी जुनी सत्ता हटते वा बदलते. येथे हटते कोण? वडीलधाऱ्यांची निवडच बरोबर ठरते. फ्रायच्याच कसोटीवर ही विनोदिका अपुरी आहे.

या अपुरेपणाचे मूळ जुने आहे. ‘अशी ही बनवाबनवी’मध्ये (१९८८) पुण्यात खोली मिळावी म्हणून चार मित्रांपैकी दोघे लुगडी नेसतात. आपण अजूनही पोट धरून हसतो, आणि हसावेच. मात्र खोली मिळते ती बाईला नव्हे, बायकोला; घरमालकिणीची अट विवाहित जोडप्यांची आहे. खरीखुरी एकटी बाई त्या दारात उभी राहिली असती तर तिलाही परत फिरावे लागले असते. हा प्रश्न संहितेने विचारला नाही आणि समीक्षेनेही नाही.

मराठी साहित्याने तो विचारला होता. विभावरी शिरूरकरांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’मध्ये (१९३३) शिकलेली, मिळवती, अविवाहित स्त्री आपल्या एकटेपणासह उभी आहे. मग विनोदी चित्रपटाला ती इतक्या वर्षांनीही का पेलू नये?

रायगडच्या किनाऱ्यावर मराठी शिकवणाऱ्याला हा प्रश्न केवळ सैद्धान्तिक वाटत नाही. अलिबाग, मुरुड, श्रीवर्धनच्या मुली नोकरीसाठी मुंबई गाठतात. मांडव्याच्या लाँचने आणि २०२०पासूनच्या रो-रोने समुद्र जवळ केला. घरमालकाचा उंबरठा तेवढा जवळ आला नाही. ‘लग्न झालंय का?’, ‘कोण येणार-जाणार?’, ‘रात्री किती वाजता परतणार?’ ही तिची पहिली तोंडी परीक्षा. डिपॉझिटची जुळवाजुळव, एका खोलीत चौघींचे संसार, आईला फोनवर सांगितलेली निरुपद्रवी खोटी. विनोदाला याहून सकस द्रव्य कोणते हवे?

तेव्हा नायिका किती बिनधास्त बोलते, याची मोजदाद समीक्षेने आता थांबवावी. तिच्या खोलीची किल्ली कोणाच्या हाती आहे, भाडे कोण भरते, आणि शेवटच्या दृश्यानंतर ती खोली तिची राहते का, हे विचारावे. ती राहत नसेल, तर त्या चित्रपटाला सुखान्त म्हणण्याची घाई करू नये.