चाकांवरचे घर आणि खडूच्या रेघा



मुलांचे अब्बा निवृत्त झाले आणि घरात एक नवा विषय आला : ट्रेलर. ऊस वाहणारी ट्रॉली नव्हे, गाडीमागे जोडायची छोटी खोली. आत बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी. परदेशातली वयस्कर जोडपी अशी खोली घेऊन हिंडताना त्यांनी मोबाईलवर पाहिली आणि मनावरच घेतले. म्हणाले, “आयुष्यभर घड्याळ बघून उठलो. आता खुलताबाद, बिदर, गुलबर्गा आपल्या सवडीने बघू.”

त्यांचे काही चुकत नव्हते. आपल्याकडे निवृत्तीचा पैसा मुलांच्या गरजांत विरून जातो आणि आईवडील ओट्यावर बसून राहतात. म्हणून मी नाही म्हटले नाही. एवढेच म्हणाले, “आधी मोजून पाहू.”

पहिले मोजमाप गाडीचे. आपली गाडी किती वजन ओढू शकते हे तिच्या माहितीपुस्तिकेत पाहावे. तिथे लिहिलेले नसेल तर गॅरेजवाल्याच्या भरवशावर हुक बसवू नये. ट्रेलरचे रिकामे वजन धरून चालत नाही. 60 लिटर पाणी म्हणजे 60 किलो. त्यात सिलिंडर, भांडी, अंथरूण. जड सामान चाकांच्या वर आणि किंचित पुढे ठेवायचे, एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर यावा. मागच्या टोकाला भार झाला तर वेगात ट्रेलर डोलू लागतो आणि गाडीलाही खेचतो. मागे घेताना स्टिअरिंग एकीकडे फिरवले की ट्रेलर दुसरीकडे वळतो. आमच्या मोहल्ल्याची गल्ली डोळ्यांपुढे आणा!

दुसरे कागदांचे. कायद्याने ट्रेलर हेही वाहनच. त्याची आरटीओकडे वेगळी नोंदणी लागते. विम्याचेही आधीच विचारून घ्यावे. ओळखीच्या वर्कशॉपमध्ये पत्रा ठोकून घेतला आणि निघालो, असे चालत नाही.

तिसरे हवेचे. परभणीचा मे महिना आणि पत्र्याची खोली! समोरासमोर खिडक्या आणि छताला झडप हवीच. आत गॅस असेल तर तळाशीही झरोका हवा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो.

चौथे मोजमाप मात्र अंगणात झाले. मी खडूने दहा फूट लांब, सहा फूट रुंद चौकोन आखला. त्यात दोघांचा बिछाना, शेगडी, पाण्याचा कॅन मांडला. म्हटले, दोन रात्री रेघेबाहेर पाय टाकायचा नाही.

पहिल्याच रात्री कळले की भिंतीकडे झोपणाऱ्याला उठायचे तर दुसऱ्याला ओलांडावे लागते. माझ्या गुडघ्यांना ते जमेना. फजरला दोन मुसल्ले अंथरायला जागा नव्हती. ट्रेलर रस्त्याच्या सोयीने उभा राहणार, किब्ला त्याच्या सोयीने थोडाच असणार? एकाने नमाज पढायची, दुसऱ्याने बिछान्यावर पाय आखडून बसायचे. आणि माझ्या वयाच्या बाईला पहिली चिंता असते ती कमोडची. चौकोनात त्याला जागाच उरली नव्हती.

दुसऱ्या रात्री मी मनातले बोलले. “ऐका, कर्ज काढले तर व्याज आले, ते आपल्याला नको. गाठचे पैसे घातले तर आपला हज मागे पडतो. ऐपत असेल त्याच्यावर तो फर्ज आहे आणि माझे गुडघे वर्षागणिक थकत चाललेत.” ते बराच वेळ गप्प राहिले. सकाळी पाहते तर अंगण धुतलेले आणि हातात पासबुक.

हजसाठीची रक्कम आता वेगळी काढून ठेवली आहे. सफरीची हौस सोडलेली नाही. आहे त्या गाडीत घडीची कमोड-खुर्ची, पाण्याचा कॅन, दोन मुसल्ले टाकले आणि जिंतूर, मंठा, जालना करत खुलताबादला जाऊन आलो. मुक्काम साध्या लॉजवर केला. हनफी मसलकाप्रमाणे साधारण 78 किलोमीटरच्या सफरीचा इरादा करून गाव सोडले की चार रकात फर्जच्या दोन होतात. मगरिबच्या तीनच राहतात. थकल्या प्रवाशासाठी दीनने किती सवलत ठेवली आहे, हे वाटेत थांबून दोन रकात पढताना उमगले.

ज्यांचे हज झाले आहे, हात मोकळा आहे, त्यांनी ट्रेलर जरूर पाहावा. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आहे. भाड्याने मिळाल्यास आधी दोन-तीन दिवस राहून पाहा. तेही नाही जमले तर खडूचा एक तुकडा घ्या. आणि आखताना घरातल्या बाईला विचारा, तुझा हात कुठवर पोहोचतो, तुझा पाय कुठे अडतो.

अल्लाह आपणा सर्वांची सफर आसान करो. आमीन.