फडावरून आलेलं लेकरू आजारी पडलं, तर सकाळची वाट पाहू नका

ऊसतोडीचा हंगाम सरला की मार्च-एप्रिलात बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, शिरूर, वडवणी, धारूरकडचे कोयते गावाकडे परततात. कोल्हापूर, सांगली किंवा पार कर्नाटकातल्या कारखान्यांवरून निघालेल्या ट्रक-ट्रॅक्टरवर भांडी, सरपण, शेळ्या आणि त्यांच्यातच लेकरं. रातभर वारा, दिवसा ऊन, वाटेत मिळेल ते पाणी. घरी आल्यावर दोन-चार दिवसांत एखादं पोर तापानं फणफणतं, नाहीतर जुलाबानं गळून जातं. घरचे म्हणतात, ‘प्रवासाचा शीण आहे, सकाळी बघू.’

ती सकाळ कधी कधी फार महाग पडते. त्यासाठी आई-बापाला दोष देणं सोपं आहे. पण फडावर एका खाड्याचे पैसे कापले जातात. दवाखाना म्हणजे खाडा, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. वर उचल फिटलेली नसते. म्हणूनच थांबायचं कधी आणि निघायचं कधी, हे साऱ्या गावाला ठाऊक पाहिजे.

नुसतं शिणलेलं पोर झोपून उठलं की पाणी मागतं, आईकडं बघतं, खेळायला लागतं. पण पोर अंगावर पीत नसेल, पाणी घेत नसेल, पोटात गेलेलं सगळं ओकत असेल, झटके आले असतील, किंवा हाक मारूनही मलूल पडून राहत असेल, तर घटकाभरही थांबू नये. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता ताप आला तरी दवाखानाच गाठावा.

खोकला असेल तर पोर शांत असताना पोटाकडं बघून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त भरले, तर तो न्यूमोनिया असू शकतो. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल तर ताबडतोब निघा. हे अवघड नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या साध्या माणसांना श्वास मोजायला शिकवलं आणि न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू घटले. ते काम १९९० मध्ये जगापुढं आलं. ‘डब्बा झाला’ म्हणून पोटाला डागण्या देऊन न्यूमोनिया बरा होत नाही.

जुलाबात डोळे खोल गेले, पोटाची चिमटीत धरलेली कातडी हळूहळू खाली बसली, किंवा शौचातून रक्त पडलं, तर उशीर नको. वाटेतही जलसंजीवनी घोट-घोट पाजत राहा. आईचं दूध तोडू नका. डॉक्टरला लेकरू कुठून आलं तेही सांगा. थंडी वाजून ताप असेल तर हिवतापासाठी रक्त तपासून घ्या. डेंग्यूत ताप उतरल्यावरच धोका वाढू शकतो. ताप गेला पण पोट फार दुखतंय, हातपाय गार पडलेत, असं असेल तर बेसावध राहू नका.

१०८ ची गाडी २०१४ पासून राज्यात आहे, तिला पैसे लागत नाहीत. पण आडवाटेच्या तांड्यावर ती पोचायला वेळ लागतो. म्हणून सरपंच, ग्रामसेवक यांना सांगणं आहे: टोळ्या परतल्या की घरोघरची पाच वर्षांखालची मुलं लिहून घ्या, ती यादी आशाताई आणि अंगणवाडीताईंकडे द्या आणि रात्री-बेरात्री निघेल अशा एका जीपवाल्याशी आधीच बोलून ठेवा. मतदार यादीतलं नाव गळू नये म्हणून आपण जेवढी धावपळ करतो, तेवढी या यादीसाठी केली तरी पुष्कळ झालं.

कोयता सहा महिने गावाबाहेर असतो, पण लेकरू गावाचंच असतं.