मस्करीला प्रेक्षक लागतो

मालवणी माणूस शिवीतही माया पेरतो, असे आपण कौतुकाने सांगतो. गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ने १९८०पासून याच तिरकसपणावर हजारो प्रयोग रंगवले. पण नाक्यावरच्या गजालीत समोरच्याचा चेहरा दिसतो. तो पडला की बोलणारा जीभ आवरतो, निदान विषय तरी बदलतो. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो चेहराच नसतो. खेड्यातून आलेल्या मुलीच्या बोलण्यातला हेल, तिच्या फोटोचा केलेला स्टिकर आणि खाली हसऱ्या इमोजींची रांग, हे आता कुठल्याही कॉलेजला नवे नाही.

अशा छळाचा विषय निघाला की बोट बनावट खात्यांकडे जाते. मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी ऑनलाइन सुटणाऱ्या संयमाची कारणे २००४मध्ये मांडली, त्यांत निनावीपण होतेच. पण मालवण-कुडाळात निनावी आहे कोण? स्टिकर कोणी केला, तो कुठल्या वाडीतला, बाप कुणाच्या ट्रॉलरवर जातो, सगळे ठाऊक असते. सुलर यांचे दुसरे कारण, म्हणजे समोरचा न दिसणे, इथे अधिक लागू पडते. आणि त्याहून मोठे कारण प्रेक्षक. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी वर्गातली आपली जागा डळमळीत असते. दुसऱ्याला खाली खेचले की ती पक्की झाल्यासारखी वाटते. मात्र त्यासाठी हसणारे लागतात. गप्प बसलेल्यांना वाटते, आपण यात नाही. त्या मुलीला ते सगळे स्टिकर करणाऱ्याच्याच बाजूचे दिसतात.

पकडल्यावर उत्तर तयार असते: मस्करी होती. कृत्याला सौम्य नाव दिले की मनाची टोचणी बोथट होते, हे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी केव्हाच सांगितले आहे. महाराष्ट्राच्या १९९९च्या रॅगिंगविरोधी कायद्याने ही पळवाटही ठेवलेली नाही. चिडवणे आणि थट्टा करणे त्याच्या व्याख्येत आहे, बंदी संस्थेच्या आवाराबाहेरही लागू आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैदेची. स्मार्टफोन येण्याआधीचा हा कायदा, पण ग्रुपला चपखल बसतो. तक्रार घेऊन आलेल्या मुलीला ‘तू ग्रुप सोड’ असे सुचवणाऱ्या प्राचार्यांनी तो शेवटपर्यंत वाचावा. कारवाई न करणाऱ्या संस्थाप्रमुखाने गुन्ह्याला साथ दिली असे मानले जाईल, आणि दोष सिद्ध झाल्यास त्यालाही तीच शिक्षा, असे त्यात लिहिले आहे.